रशियाचा प्राकृतिक नकाशा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकाच्या मधल्या दोन पानांवर रशियाचा प्राकृतिक नकाशा छापला होता. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून येथे उत्तरे दिली आहेत. एकाच मुद्द्याची पत्रे एकत्र केली आहेत. सुमारे १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटरचा हा प्रदेश युरोप आणि आशिया अशा दोन खंडांत पसरलेला आहे. त्याचे तीन चतुर्थांशाहून अधिक क्षेत्र उरल पर्वताच्या पूर्वेस आहे आणि जवळपास तेवढ्याच प्रमाणात लोकसंख्या मात्र पश्चिमेस आहे. बहुतेक पत्रांचा रोख खंडांच्या सीमारेषेकडे आहे. ही जिज्ञासा रास्तच आहे. पण हा नकाशा वाचताना पाणी कोणत्या दिशेने उतरते आणि जमीन कुठपासून गोठलेली आहे, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात असे मला वाटते, आणि पुढील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

प्रश्न : नकाशात उरल पर्वताचा रंग फिकट तपकिरी आहे, म्हणजे तो फारसा उंच नाही. मग एवढ्या साध्या डोंगररांगेला दोन खंडांची सीमा का मानले गेले?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. उरलचे सर्वोच्च शिखर नारोदनाया हे १,८९५ मीटर उंच आहे आणि तेही उत्तरेकडील निर्जन भागात आहे. मध्य उरलमध्ये, जेथे सायबेरियाकडे जाणारा लोहमार्ग ही रांग ओलांडतो, तेथे उंची इतकी कमी आहे की मॉस्कोपासून १,७७७ किलोमीटरवर उभा असलेला ‘युरोप–आशिया’ स्तंभ नजरेस पडला नाही, तर आपण एक पर्वत ओलांडला हे प्रवाशाच्या ध्यानातही येऊ नये.

सीमा म्हणून उरलची निवड माणसांनी केली आणि ती तशी अलीकडची आहे. प्राचीन ग्रीक भूगोलवेत्ते तानाइस, म्हणजे आजची डॉन नदी, हीच युरोप आणि आशिया यांच्यातील सीमा मानत असत, आणि ही समजूत पुढे कित्येक शतके टिकली. अठराव्या शतकात रशियाचे सर्वेक्षण पूर्वेकडे सरकत गेले, तसे डॉनच्या उगमापलीकडे उत्तरेकडे ही रेषा कशी न्यायची, हा प्रश्न उभा राहिला. स्वीडिश सैन्यातील अधिकारी फिलिप योहान फॉन श्ट्रालेनबर्ग याने १७३० मध्ये उरलची रेषा मांडली. ही कल्पना मुळात आपणच त्याला सुचवली होती, असे रशियन प्रशासक आणि इतिहासकार वासिली तातिशेव यांनी पुढे नमूद केले. तातिशेव उरलमधील खाणींचे प्रमुख होते, त्यामुळे तो प्रदेश त्यांनी स्वतः पायांखाली घातलेला होता. ही रांग ठळक जलविभाजक आहे, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने महत्त्वाची होती: पश्चिम उतारावरचे बहुतेक पाणी कामा नदीतून व्होल्गाला आणि पूर्व उतारावरचे बहुतेक पाणी ओब नदीला मिळते. म्हणजे एकाच डोंगरमाथ्यावर पडलेल्या पावसाचा एक भाग कॅस्पियन समुद्रात आणि दुसरा आर्क्टिक महासागरात जातो.

भूशास्त्राच्या दृष्टीने मात्र उरल म्हणजे एक फार जुना सांधा आहे. सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वी पूर्व युरोपाचे प्राचीन भूखंड पूर्वेकडील कझाकस्तान व सायबेरियाच्या भूखंडांशी भिडले, मधला महासागर मिटला आणि त्या टकरीत ही रांग उचलली गेली. त्यानंतरच्या प्रदीर्घ काळात ऊन, पाऊस आणि हिम यांनी तिची इतकी झीज केली की आज आपण पाहतो तो मूळ पर्वताचा गाभा आहे. उरलची खनिजसंपत्ती यातूनच आली. एरवी कित्येक किलोमीटर खोल राहणारे लोह, तांबे, क्रोमियम आणि प्लॅटिनम यांचे साठे वरचा भार झिजून गेल्यामुळे उघडे पडले आणि मग मॅग्निटोगोर्स्कसारखी शहरे थेट खनिजाच्या डोंगराच्या पायथ्याशी वसली. याच रांगेच्या पश्चिम पायथ्याला १८४१ मध्ये ब्रिटिश भूशास्त्रज्ञ रॉडरिक मर्चिसन यांनी खडकांचे थर अभ्यासले आणि पेर्म या शहराच्या नावावरून पृथ्वीच्या इतिहासातील एका संपूर्ण कालखंडाला ‘पर्मियन’ हे नाव दिले. पाठ्यपुस्तकात हा शब्द वाचताना त्यामागे उरलचा हा पायथा आहे, हे विद्यार्थ्यांना सहसा सांगितले जात नाही, याची मला खंत वाटते.

प्रश्न : युरोपातील सर्वांत उंच शिखर आपण एल्ब्रुस दिले आहे. आम्ही माँ ब्लाँ शिकलो. बरोबर काय?

उत्तर : उरलच्या दक्षिणेला सीमा कोठून न्यायची यावर हे उत्तर अवलंबून आहे. कॅस्पियनपासून काळ्या समुद्रापर्यंत ती कॉकेशस पर्वताच्या मुख्य जलविभाजकावरून नेली, तर ५,६४२ मीटर उंचीचा एल्ब्रुस मुख्य कण्याच्या थोडा उत्तरेला असल्याने युरोपात येतो. तीच रेषा आणखी उत्तरेच्या कुमा–मानिच या सखल पट्ट्यातून नेली, तर संपूर्ण कॉकेशस आशियात जातो आणि आल्प्समधील माँ ब्लाँ सर्वोच्च ठरते. आज पहिली पद्धत अधिक प्रचलित आहे, म्हणून नकाशात ती वापरली; दुसरी चुकीची म्हणता येणार नाही.

प्रश्न : व्होल्गाचा उगम समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वादोनशे मीटरवर दाखवला आहे. एवढ्या उतारावर साडेतीन हजार किलोमीटर नदी वाहते कशी? आकड्यात चूक तर नाही?

उत्तर : चूक नाही. मॉस्कोच्या वायव्येला वाल्दाई टेकड्यांमध्ये व्होल्गोवेर्खोव्ये नावाचे एक लहान गाव आहे. तेथे पाणथळ जागेत लाकडी फळ्यांच्या वाटेने चालत गेल्यावर एक छोटे लाकडी प्रार्थनागृह लागते आणि त्याच्या तळफळीतील झरोक्यातून खाली झऱ्याचे तपकिरी पाणी दिसते. युरोपातील सर्वांत लांब नदीचा हा आरंभ. तेथून बाहेर पडणारा ओहोळ सहज ओलांडता येईल एवढाच असतो. या जागेची उंची २२८ मीटर आहे. नदीचे मुख मात्र शून्यावर नसून त्याच्याही खाली आहे, कारण कॅस्पियनची पाण्याची पातळी महासागराच्या पातळीपेक्षा सुमारे २८ मीटर खाली आहे. म्हणजे एकूण उतार अडीचशे मीटरहून थोडा जास्त आणि अंतर ३,५३० किलोमीटर. हिशेब केला तर दर किलोमीटरला सरासरी सात सेंटिमीटर. पाण्याला वाहण्यासाठी एवढे पुरते, पण त्याला घाई नसते, म्हणून नदी रुंद होते, वळणे घेते आणि मुखाशी शेकडो फाट्यांत विभागते.

एवढा कमी उतार असण्याचे कारण नदीखालच्या जमिनीत आहे. पूर्व युरोपीय मैदानाच्या तळाशी पृथ्वीवरील अतिप्राचीन आणि स्थिर भूकवचांपैकी एक आहे. गेल्या कित्येक कोटी वर्षांत ते फारसे वाकले किंवा दुमडले नाही. त्यावर उथळ समुद्रांनी गाळाचे आडवे थर पसरले आणि शेवटी हिमयुगातील हिमस्तरांनी उत्तर भाग घासून, खडीमातीचे ढीग मागे सोडून, त्याला आजचे रूप दिले. वाल्दाई टेकड्या म्हणजे बऱ्याच अंशी हिमाने आणून टाकलेला हा भरावच आहे, आणि त्यांची उंची कोठेही ३५० मीटरपर्यंत पोहोचत नाही. तरीही व्होल्गा, द्नीपर आणि पश्चिम द्विना या तीन नद्या याच परिसरातून निघून अनुक्रमे कॅस्पियन, काळा आणि बाल्टिक समुद्रांकडे जातात. जुन्या काळचे व्यापारी एका नदीतून दुसऱ्या नदीपर्यंत होड्या जमिनीवरून ओढत नेत असत, ते या ठेंगण्या जलविभाजकामुळेच शक्य झाले.

कॅस्पियनच्या पाण्याबद्दलही एका पत्रात विचारले आहे, त्याचे उत्तर येथेच देतो. या बंदिस्त जलाशयाला नद्यांतून मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी एकटी व्होल्गा आणते, आणि बाहेर जायला बाष्पीभवनाखेरीज वाट नाही. त्यामुळे व्होल्गाच्या खोऱ्यात पाऊस कमी झाला किंवा उष्णता वाढली की पातळी उतरते. १९७७ पर्यंत ती घटत गेली, पुढे १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोन मीटरहून अधिक वाढली आणि आता पुन्हा वेगाने घटत आहे. उत्तर कॅस्पियन अतिशय उथळ असल्याने पातळी थोडी उतरली तरी किनारा कित्येक किलोमीटर मागे हटतो.

प्रश्न : सायबेरियातील सर्व मोठ्या नद्या उत्तरेला का वाहतात? आणि त्यांच्याभोवती इतक्या दलदली कशा?

उत्तर : सर्व नव्हे, अमूर नदी पूर्वेला पॅसिफिककडे जाते. पण ओब, येनिसेई आणि लेना या तिन्ही नद्या उत्तरेला वाहतात हे खरे आहे. दक्षिणेला अल्ताई, सायान आणि बैकलभोवतीचे पर्वत उंच उचललेले आहेत आणि तेथून आर्क्टिकपर्यंत जमीन उतरत जाते, हे त्याचे साधे कारण आहे.

या दिशेचे परिणाम मात्र साधे नाहीत. वसंत ऋतूत ऊब दक्षिणेकडून येते, म्हणजे नदीच्या वरच्या टप्प्यातील बर्फ आधी वितळतो. त्या वेळी खालचा टप्पा आणि मुख अजून घट्ट गोठलेले असते. वरून आलेले पाणी आणि बर्फाचे तुटके थर पुढे जाऊ पाहतात, एखाद्या वळणावर किंवा बेटापाशी एकमेकांवर चढतात आणि पात्रात बर्फाचा बंधारा उभा राहतो. २००१ च्या मे महिन्यात लेना नदीवर असाच बंधारा तयार झाला, पाणी सुमारे २० मीटरपर्यंत चढले आणि लेन्स्क हे शहर जवळजवळ संपूर्ण बुडाले. तो बर्फ फोडण्यासाठी विमानांतून बॉम्ब टाकावे लागले. नदी ज्या दिशेने वाहते, एवढ्या एका गोष्टीवर तेथील माणसांचे वर्षाचे वेळापत्रक, घरांची जागा आणि कधीकधी जीवही अवलंबून असतो, हे नकाशातील निळ्या रेषेकडे पाहून सहसा मनात येत नाही.

दलदलींचे उत्तर प्रामुख्याने पश्चिम सायबेरियात आहे. उरलपासून येनिसेईपर्यंत पसरलेले सुमारे २६ लाख चौरस किलोमीटरचे हे मैदान जगातील सर्वांत सपाट विस्तीर्ण प्रदेशांपैकी एक आहे. नोवोसिबिर्स्कपाशी ओब नदीची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे शंभर मीटर आहे आणि तेथून समुद्र जवळजवळ ३,००० किलोमीटर दूर आहे. म्हणजे किलोमीटरला तीन-चार सेंटिमीटर, व्होल्गाच्याही निम्मा उतार. बाष्पीभवन कमी, पाझरायला वाट कमी, त्यात उत्तरेकडून दर वसंतात तुंबणारे पाणी. अशा स्थितीत पाणी जागच्या जागी साचते, त्यात शेवाळ वाढते, मरते आणि न कुजता पीटच्या रूपाने थरावर थर साठत जाते. ओब आणि इर्तिश यांच्या दरम्यानची वास्युगान दलदल सुमारे ५३,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे संपूर्ण स्वित्झर्लंडपेक्षा मोठी. ती वाया गेलेली जमीन नाही. हजारो वर्षांचा कार्बन त्या पीटमध्ये बांधून पडलेला आहे आणि अनेक नद्यांचा उगमही त्यातच आहे.

येथे नकाशात एक गोष्ट जरूर पाहावी. येनिसेईच्या डाव्या तीरावर हिरवा रंग आहे आणि उजव्या तीरावर एकदम तपकिरी सुरू होतो. डावीकडे हे सखल मैदान आहे, तर उजवीकडे मध्य सायबेरियाचे पठार आहे. रशियातील मोठ्या नद्यांचा उजवा काठ उंच का असतो, याचे कारण पृथ्वीच्या परिवलनात आहे, असे निसर्गशास्त्रज्ञ कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांनी १८६० मध्ये सुचवले होते. त्या परिणामाची मात्रा फार थोडी असावी असे आता मानले जाते. येनिसेईच्या बाबतीत खरे कारण असे की ती दोन वेगळ्या जडणघडणीच्या भूभागांमधील शिवणीवरून वाहते. भूरूपे, खडक, वनस्पती आणि गोठलेली जमीन या सर्वांचा विचार केला, तर मला उरलपेक्षा येनिसेई ही अधिक ठळक सीमा वाटते. तिच्या पूर्वेला सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला आणि त्याचे पायऱ्यापायऱ्यांचे थर पुतोराना पठारावर आजही दिसतात. पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या जीवविनाशाचा काळही नेमका तोच आहे, आणि बहुतेक शास्त्रज्ञ या उद्रेकालाच त्याचे मुख्य कारण मानतात.

प्रश्न : जगातील सर्वांत थंड वस्ती उत्तर ध्रुवाजवळ नसून ओयम्याकॉनला आहे, असे का?

उत्तर : पूर्व सायबेरियातील ओयम्याकॉन येथे १९३३ मध्ये उणे ६७.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले गेले. व्हर्खोयान्स्कची १८९२ मधील नोंद उणे ६७.८ अंश आहे. उत्तर ध्रुवावर हिवाळ्यात पारा उणे ५० च्या खाली क्वचितच जातो, कारण तेथे बर्फाच्या पातळ थराखाली महासागर आहे आणि ते पाणी उणे दोन अंशांपेक्षा अधिक थंड होऊ शकत नाही. ध्रुवाला खालून सतत थोडी ऊब मिळते. ओयम्याकॉनला ती मिळत नाही.

अटलांटिकवरून येणारी उबदार हवा पूर्वेकडे जाताना वाटेतच आपली उष्णता आणि ओलावा गमावते. सेंट पीटर्सबर्ग साधारण ६० अक्षांशावर आणि याकुत्स्क ६२ अक्षांशावर आहे, म्हणजे दोन्हींच्या अक्षांशांत फारसा फरक नाही. पण पहिल्याचे जानेवारीचे सरासरी तापमान उणे पाच-सहा अंशांच्या आसपास असते आणि दुसऱ्याचे उणे ३५ च्याही खाली. दुसरीकडे ६९ अक्षांशावरील मुरमान्स्क बंदर समुद्राच्या उबदार प्रवाहामुळे हिवाळ्यातही खुले असते. त्यामुळे या प्रदेशाच्या जानेवारीच्या नकाशात समताप रेषा (सारख्या तापमानाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) पूर्व-पश्चिम न जाता बऱ्याच अंतरापर्यंत उत्तर-दक्षिण गेलेल्या दिसतात. हिवाळ्यात येथे थंडी उत्तरेला नव्हे, पूर्वेला गेल्यावर वाढते.

पूर्व सायबेरियात पोहोचेपर्यंत आकाश निरभ्र आणि हवा कोरडी झालेली असते. लांबलचक रात्रींत बर्फाच्छादित जमीन उष्णता अवकाशात सोडत राहते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते आणि तिचा प्रचंड साठा जमिनीवर बसून राहतो. ३१ डिसेंबर १९६८ रोजी अगाता या ठिकाणी १,०८३ हेक्टोपास्कलहून अधिक वायुदाब नोंदवला गेला होता, तो याच साठ्यामुळे. ही जड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली येते आणि डोंगरांनी वेढलेल्या दऱ्यांत साचते. ओयम्याकॉन आणि व्हर्खोयान्स्क दोन्ही अशाच खोलगट भागांत आहेत. अशा दिवसांत भोवतालच्या डोंगरउतारावर थोडे वर चढले तर थंडी कमी होते.

समुद्राची ऊब न पोहोचण्याची दुसरी बाजू उन्हाळ्यात दिसते. त्याच व्हर्खोयान्स्कमध्ये २० जून २०२० रोजी ३८ अंश तापमान नोंदवले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ते पुढे मान्य केले. एकाच गावाच्या नोंदींत १०५ अंशांहून अधिक फरक!

प्रश्न : जमीन ‘कायमची गोठलेली’ म्हणजे नेमकी किती खोल? आणि गोठलेल्या जमिनीवर जंगल कसे उभे राहते?

उत्तर : सलग दोन वर्षे किंवा अधिक काळ शून्य अंशाखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात, आणि रशियाचे ६० टक्क्यांहून अधिक क्षेत्र या प्रकारात मोडते. तिच्या खोलीचा पहिला ठोस पुरावा एका विहिरीने दिला. याकुत्स्कमध्ये एका व्यापारी कंपनीचा कारभारी फ्योदोर शेर्गिन याने १८२८ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी खोदकाम सुरू केले. माती गोठलेलीच लागत गेली. पाण्याची आशा मावळल्यावरही, विज्ञानाला उपयोग होईल म्हणून, काम चालू ठेवले गेले आणि १८३७ मध्ये ११६.४ मीटर खोलीवर ते थांबले, तेव्हाही तळ गोठलेलाच होता. पुढे १८४० च्या दशकात संशोधक अलेक्झांडर फॉन मिडेनडॉर्फ यांनी त्या विहिरीत निरनिराळ्या खोलींवर तापमापक बसवून मोजमापे घेतली. खाली जाल तसे तापमान हळूहळू शून्याकडे सरकते, हे दिसल्यावर गोठलेला थर आणखी किती खोल जात असेल याचा अंदाज बांधता आला. ती विहीर आजही याकुत्स्कमध्ये जपून ठेवलेली आहे. पाणी न लागलेल्या विहिरीने एका विज्ञानशाखेचा पाया घातला, ही गोष्ट मला या संपूर्ण विषयातील सर्वांत हृद्य वाटते.

पूर्व सायबेरियाच्या काही भागांत ही खोली सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाते. एवढी थंडी आजच्या हवामानातून आलेली नाही. हिमयुगात युरोपावर जाड हिमस्तर होते आणि त्यांनी एखाद्या घोंगडीसारखे खालच्या जमिनीला झाकले. पूर्व सायबेरिया मात्र इतका कोरडा होता की त्याच्या मैदानी भागांत तसा हिमस्तर तयारच झाला नाही, आणि उघडी जमीन हजारो वर्षे कडाक्याच्या थंडीत गोठत राहिली.

आता जंगलाविषयी. याकुत्स्कला वर्षाकाठी पाऊस आणि हिम मिळून २५० मिलिमीटरही वृष्टी होत नाही. एवढ्या पाण्यावर खरे तर गवताळ प्रदेश असायला हवा. परंतु उन्हाळ्यात वरचा एक-दोन मीटरचा थर वितळतो आणि त्याखालची गोठलेली जमीन पाणी झिरपू देत नाही, त्यामुळे झाडांच्या मुळांशी ओल टिकून राहते. लार्च हा वृक्ष या परिस्थितीशी उत्तम जुळवून घेतो. त्याची मुळे खोल न जाता आडवी पसरतात, आणि सूचिपर्णी असूनही तो हिवाळ्यापूर्वी पाने गाळतो, म्हणजे मुळांना पाणी मिळत नसताना पानांतून ओलावा उडून जाण्याचा धोका राहत नाही. पश्चिमेकडील तैगात (उत्तरेकडील सूचिपर्णी जंगलात) स्प्रूस आणि पाइन, तर येनिसेईच्या पूर्वेला मैलोन्‌मैल लार्च, या फरकामागे जमिनीखालचा हा बर्फ आहे.

जंगल आणि गोठलेली जमीन यांचा आधार परस्परांना आहे. सावली आणि शेवाळाचा थर उन्हाळ्याची उष्णता खाली जाऊ देत नाहीत. व्हर्खोयान्स्कच्या परिसरातील बातागाइका येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाडे तोडली गेली, जमिनीतील बर्फ वितळू लागला आणि माती खचत जाऊन आज तेथे सुमारे एक किलोमीटर लांबीची खोल घळ झाली आहे. ती अजून वाढते आहे. याच कारणाने याकुत्स्कमधील मोठ्या इमारती खांबांवर उभ्या केल्या जातात आणि खाली मोकळी जागा ठेवली जाते, म्हणजे हिवाळ्याचे वारे तेथून वाहतात आणि घरातील ऊब जमिनीपर्यंत पोहोचत नाही. हवा तापत चालल्याने जमिनीचे तापमानही वाढत आहे, आणि अशा खांबांचा आधार किती काळ पक्का राहील ही तेथील अभियंत्यांची आजची खरी चिंता आहे.

प्रश्न : ‘चेर्नोझम’ हा शब्द मृदांच्या सर्व पुस्तकांत आढळतो. तो याच प्रदेशातला का?

उत्तर : होय, रशियन भाषेत त्याचा अर्थ काळी माती. दक्षिणेकडील स्टेप गवताळ पट्ट्यात गवताची दाट मुळे दर वर्षी मरतात, पण उन्हाळ्याचा कोरडेपणा आणि हिवाळ्याची थंडी यांमुळे ती पूर्ण कुजत नाहीत आणि ह्यूमसचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा, थर काही ठिकाणी मीटरभर जाड होतो. १८८३ मध्ये वासिली दोकुचायेव यांनी दाखवून दिले की मृदा हा केवळ खडकाचा चुरा नसून खडक, हवामान, सजीव, भूरचना आणि काळ यांतून घडलेली स्वतंत्र नैसर्गिक वस्तू आहे. मृदाशास्त्र हा विषय तेथून सुरू होतो. टुंड्रापासून स्टेपपर्यंतचे पट्टे या सलग मैदानावर एकामागून एक इतके स्वच्छ उलगडतात की असा विचार येथेच सुचावा, यात नवल नाही.

प्रश्न : बैकल सरोवर इतके जुने असेल तर ते गाळाने भरून का गेले नाही?

उत्तर : फार चांगला प्रश्न. हिमनद्यांनी कोरलेली बहुतेक सरोवरे दहा-पंधरा हजार वर्षांची असतात. बैकलचे वय अडीच ते तीन कोटी वर्षे मानले जाते आणि त्यात ३०० हून अधिक नद्या-ओढे अखंड गाळ आणत आहेत. गाळ भरतोच आहे, काही ठिकाणी सरोवराच्या तळाखाली त्याची जाडी कित्येक किलोमीटर आहे. परंतु बैकल ही खचदरी आहे: दोन्ही बाजूंचे भूकवच वर्षाला काही मिलिमीटर या वेगाने दूर सरकते आणि मधला भाग खचत जातो. भरण्यापेक्षा खचणे अधिक झाले आहे. सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे ४५६ मीटर उंचीवर आणि सर्वाधिक खोली १,६४२ मीटर आहे, म्हणजे त्याचा तळ समुद्रसपाटीच्या सुमारे १,१८६ मीटर खाली आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील न गोठलेल्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा या एका भेगेत आहे, आणि बाहेर पडणारी नदी एकच, अंगारा.

हे खचणे नेहमीच संथ नसते. १८६२ च्या जानेवारीत सेलेंगा नदीच्या त्रिभुज प्रदेशालगत मोठा भूकंप झाला आणि सुमारे २०० चौरस किलोमीटरचा गवताळ सपाट भाग, वस्त्या आणि कुरणांसह, खाली बसून सरोवराच्या पाण्याखाली गेला. तेथे आज जो उपसागर आहे त्याचे नाव ‘प्रोवाल’ आहे. या रशियन शब्दाचा अर्थच खचलेली जागा असा आहे.

प्रश्न : उरल ही भूपट्टांची सीमा नसेल, तर युरेशियाच्या भूपट्टाची पूर्व कड नकाशात कोठे पाहायची?

उत्तर : नकाशाच्या ईशान्य कोपऱ्यात. आर्क्टिक महासागराच्या तळावर गॅकेल कटक नावाची रांग आहे, जेथे युरेशियन आणि उत्तर अमेरिकी भूपट्ट अतिशय मंद गतीने, वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर, दूर होत आहेत. ही रांग लेनाच्या मुखाजवळ लॅप्टेव्ह समुद्रात किनाऱ्याला भिडते आणि सीमा जमिनीवर चढून चेर्स्की पर्वताच्या दिशेने जाते. चुकोत्का द्वीपकल्प आणि कोलिमा नदीचे बहुतेक खोरे राजकीय नकाशात रशियात आणि भूगोलात आशियात असले तरी भूपट्टाच्या हिशेबाने ते उत्तर अमेरिकेचे आहेत. ओखोत्स्क समुद्राभोवतीचा भाग स्वतंत्र लहान भूपट्ट मानावा की नाही, यावर मतभेद आहेत.

कामचटकाची गोष्ट निराळी आहे. तेथे पॅसिफिक भूपट्ट वर्षाला सुमारे आठ सेंटिमीटर या वेगाने खाली शिरतो. म्हणूनच सुमारे ३० जागृत ज्वालामुखी, त्यांतला ४,७०० मीटरहून उंच क्ल्युचेव्हस्काया आणि १९५२ मधील ९.० व जुलै २०२५ मधील ८.८ तीव्रतेचे भूकंप याच किनाऱ्यावरचे आहेत. मागील अंकाच्या नकाशात ही भूपट्टसीमा दाखवली नव्हती. वाचकांना ती स्वतः आखायची असेल, तर लेनाच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्वेकडून पेन्सिल ठेवावी, चेर्स्की रांगेच्या कडेने आग्नेयेला ओखोत्स्क समुद्राच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत यावे आणि पुढची रेषा तुटक काढावी.